क्लच धरलाय, तरी गाडी सरकतेय

मोटरसायकलच्या क्लचच्या प्लेटा घरीच बदलल्या, स्प्रिंगा नव्या घातल्या, केबल नवी टाकली, ऑइल बदललं आणि ज्या दुखण्यासाठी एवढा खटाटोप केला ते दुखणं पार गेलं. आधी चढावर वरच्या गिअरात ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन नुसतं ओरडायचं आणि वेग जिथल्या तिथे राहायचा. आता पिळल्याबरोबर गाडी ओढायला लागली. पण थांबलं की नवाच त्रास. क्लच पूर्ण दाबून ठेवला तरी गाडी हळूहळू पुढे रेटायची, ब्रेक धरूनच उभं राहावं लागायचं. पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज. आणि न्यूट्रल? पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, मधला काही सापडेना. शेवटी इंजिन बंद करायचं, की लगेच अलगद लागायचा.

या शेवटच्या गोष्टीने निम्मं काम केलं. गिअरबॉक्समध्ये खोट असती तर इंजिन बंद असतानाही न्यूट्रल अडला असता. म्हणजे दोष क्लचचाच, पण आधीच्या बरोबर उलटा. आधी तो नीट पकडत नव्हता, आता नीट सोडत नव्हता. यातलं नेमकं काय होतंय हे ठरल्याशिवाय पान्याला हात लावू नये, या मताचा मी आहे. एकावरचा उपाय दुसऱ्याला महागात पडतो. न सुटणाऱ्या क्लचची केबल थोडी ताणली तर फरक पडतो. घसरणाऱ्याची ताणली तर उरलीसुरली पकडही जाते आणि प्लेटा जळतात. तो जळका वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

आत काय असतं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. बहुतेक मोटरसायकलींसारखा माझ्याही गाडीचा क्लच ऑइलमध्ये भिजलेला, अनेक प्लेटांचा. पाच फ्रिक्शन प्लेटा आणि त्यांच्यामध्ये चार स्टीलच्या, पत्त्यांचे दोन गठ्ठे एकमेकांत पिसल्यासारख्या. फ्रिक्शन प्लेटांना बाहेरच्या कडेला कान असतात, ते हाउसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या डब्याच्या, बोटांसारख्या पट्ट्यांमधल्या फटींत बसतात, आणि हाउसिंग फिरतं इंजिनबरोबर. स्टीलच्या प्लेटांना आतून दाते असतात, ते हबवर बसतात, आणि हब असतो गिअरबॉक्सच्या शाफ्टवर. प्रेशर प्लेट स्प्रिंगांच्या जोरावर हा सगळा गठ्ठा आवळून धरते. लिव्हर दाबला की पुशरॉड नावाची दांडी तिला उचलते आणि प्लेटा सुट्या होतात.

सुट्या म्हणजे किती? प्रेशर प्लेट उचलली जाते जेमतेम दीड मिलिमीटर. पाच फ्रिक्शन प्लेटांच्या दहा बाजू. वाटणी केली तर एकेका फटीच्या वाट्याला ०.१५ मिमी येतात. हा आकडा पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मी जरा वेळ त्याच्याकडेच बघत बसलो. एवढ्याशा फटीत ऑइलही मावायचं, एवढ्याशा फटीवर इंजिन आणि चाक वेगळं व्हायचं. यात कुठेही थोडंसं जरी अडलं तर क्लच सुटणार नाही, हे उघड होतं. अडतंय कुठे, एवढंच शोधायचं होतं.

इंजिन उघडायचं ते सगळ्यात शेवटी. सुरुवात लिव्हरपासून.

लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी मोकळा प्ले ठेवा, असं बहुतेक मॅन्युअलमध्ये असतं. प्ले म्हणजे केबलला ओढ बसण्याआधी लिव्हर नुसताच हलतो ते अंतर. जोडणी केली तेव्हा मी तो बरोबर ठेवला होता, पण आता मोजला तर चांगलाच वाढलेला. नव्या केबलचं हे नेहमीचंच आहे. तिचं बाहेरचं आवरण दोन्हीकडच्या टोप्यांमध्ये घट्ट बसेपर्यंत थोडी ढील येतेच. इथे आणखी एक गंमत आहे. केबल वापराने लांबली की प्ले वाढतो, पण प्लेटा झिजल्या की तो कमी होतो, कारण गठ्ठा पातळ होऊन प्रेशर प्लेट आत सरकते आणि पुशरॉडला मागे रेटते. त्यामुळे प्ले नेमका आहे म्हणजे आत सगळं आलबेल, असं समजायचं कारण नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडून एकमेकींना झाकू शकतात. नव्या जाड प्लेटा घातल्या की याच्या उलट होतं: प्रेशर प्लेट बाहेर येते, प्ले वाढतो, म्हणून प्लेटा बदलल्यावर जुनं ॲडजस्टमेंट तसंच ठेवून चालत नाही.

मी आधी लिव्हरपाशी असलेला छोटा ॲडजस्टर पूर्ण आत घेतला, मग इंजिनपाशी असलेल्या मोठ्या ॲडजस्टरवर ढील काढली आणि बारीक हिशोब परत वरच्या ॲडजस्टरवर केला. वरचाच पिळत राहिलं तर त्याचे आटे बाहेर येतात आणि पुढे कधी रस्त्यात गरज पडली तर पिळायला काही उरत नाही. गाडीचं रेटणं कमी झालं. न्यूट्रल मात्र तसाच रुसलेला.

मग हॅन्डल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून पाहिलं. टाकी काढून केबल टाकली असेल तर ही तपासणी करावीच. केबल चुकीच्या बाजूने गेली असेल, कुठे दाबली जात असेल, तर हॅन्डल वळवताना प्ले कमी-जास्त होतो. माझा हलला नाही. खाली इंजिनपाशी केबल ज्या आर्मला अडकते तो आर्मही पाहिला. लिव्हर अर्धा दाबलेला असताना आर्म आणि केबल साधारण काटकोनात असली पाहिजेत; आर्म शाफ्टवर एक दाता इकडेतिकडे बसला की ओढ तेवढीच राहते पण उचल कमी मिळते. बऱ्याच गाड्यांत यासाठी आर्मवर आणि शाफ्टवर पंचाची खूण असते. खुणा जुळत होत्या.

शेवटची एक युक्ती केली, ती फक्त उभ्या गाडीवर, तपासण्यापुरती: प्ले पार शून्यावर आणला. आता लिव्हरची सगळीच्या सगळी ओढ प्रेशर प्लेट उचलण्यात जाणार होती. तरीही चालू इंजिनवर न्यूट्रल लागला नाही. केबल सुटली, म्हणजे आरोपातून सुटली. प्ले परत जागेवर आणला.

ऑइलबद्दल ज्याला विचाराल त्याचं ठाम मत असतं, आणि क्लचचा कुठलाही दोष असो, बोट आधी ऑइलकडेच जातं. मोटरसायकलच्या ऑइलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असतं. जपानमध्ये १९९८ साली आलेलं हे मानक मुळात भिजलेल्या क्लचसाठीच आहे: ऑइलमुळे प्लेटांमधलं घर्षण किती टिकतं, हे ते सांगतं. एमबी लिहिलेलं ऑइल त्याहून निसरडं, ते ज्यांचा क्लच कोरडा आणि इंजिनच्या ऑइलबाहेर असतो अशा स्कूटरांसाठी. मोटारीच्या ज्या डब्यांवर ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असं छापलेलं असतं, त्यांतल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनीही मोटरसायकलचा क्लच घसरू शकतो. पण मुद्दा असा की चुकीच्या ऑइलने क्लच घसरेल, चिकटून बसणार नाही. माझी तक्रार चिकटण्याची होती. शिवाय डब्यावर एमए२ स्पष्ट होतं.

चिकटण्यात ऑइलचा हात असतोच तर तो दोन तऱ्हांनी. एक, पातळी जास्त झालेली. मॅन्युअलप्रमाणे इंजिन थोडं चालवून, बंद करून, काही मिनिटं थांबून, गाडी सरळ उभी करून पातळी पाहिली. (डिपस्टिक आटे पिळून पाहायची की नुसती टेकवून, हे गाडीगणिक वेगळं असतं आणि त्यात बराच फरक पडतो.) ती दोन खुणांच्या मध्ये होती. दुसरं, ऑइल थंड आणि घट्ट असणं. रात्रभर उभ्या गाडीत प्लेटा एकमेकींना धरून बसतात, म्हणून सकाळचा पहिला खाडकन आवाज मी कधीच मनावर घेत नाही. पण ऑइलमुळे असेल तर गरम झाल्यावर ते कमी व्हायला हवं. माझ्याकडे इंजिन तापल्यावरही फरक नव्हता.

उलट एक विचित्रपणा लक्षात आला. हे कधी व्हायचं, कधी नाही. मध्येच एखाद्या थांब्यावर न्यूट्रल मुकाट्याने लागायचा आणि पुढच्याच थांब्यावर परत तोच तमाशा. वाकड्या प्लेटांचं असं नसतं. त्या तापल्या की जास्त त्रास देतात आणि देतच राहतात. लहर सांभाळणारा दोष म्हणजे काहीतरी कधी अडतंय, कधी सुटतंय.

मेन स्टँडवर लावून, मागचं चाक अधांतरी ठेवून, पहिल्या गिअरात क्लच धरून पाहिलं. चाक फिरत होतं. यात घाबरण्यासारखं काही नाही, भिजलेल्या चांगल्या क्लचमध्येही ऑइलच्या ओढीने ते हळू फिरतंच. मागचा ब्रेक हलका टेकवला की ते थांबायला हवं आणि ब्रेक सोडल्यावर फार तर पुन्हा हळू फिरायला हवं. माझं चाक थांबताना इंजिनचा आवाज बसला, आणि ब्रेक सोडताच ते पुन्हा जोरात निघालं. आता उघडणं भाग होतं.

साइड स्टँडवर गाडी डावीकडे झुकते आणि क्लचचं कव्हर उजवीकडे, त्यामुळे ऑइल काढावं लागलं नाही. खाली एक फडकं पुरलं. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी टोचून ठेवायचा, ही सवय मला पहिल्यापासून आहे. लांब बोल्ट छोट्या भोकात पिळून केसिंग फुटलेलं मी दुसऱ्याच्या गाडीत पाहिलंय.

या इंजिनात एक सोय आहे. क्लच सोडवणारी यंत्रणा कव्हरमध्ये नसून डाव्या बाजूला आहे आणि पुशरॉड शाफ्टच्या पोटातून आरपार येतो. त्यामुळे कव्हर काढूनही लिव्हर काम करतो आणि आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतं. शेजारचे काका आयुष्यभर लेथवर काम केलेले. त्यांना हाक मारली. ते स्टुलावर बसले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “लिव्हर दाबून बांधून टाक. आणि गिअरात घालून चाक हातानं फिरव, सावकाश.”

लिव्हर हॅन्डलला रबराने आवळून बांधला. प्रेशर प्लेट वर आली, चारी बाजूंनी सारखी. म्हणजे पुशरॉड, त्याच्या टोकाची स्टीलची गोळी, बेअरिंग, सगळं आपलं काम करत होतं. मग चाक फिरवलं. हब फिरला, त्याच्याबरोबर स्टीलच्या प्लेटा फिरल्या. फ्रिक्शन प्लेटा हाउसिंगबरोबर जागच्या जागी राहायला हव्या होत्या, तशा त्या राहिल्याही, पण बाहेरून दुसरी आणि तिसरी फ्रिक्शन प्लेट बाकीच्यांसारखी सुटी झालीच नव्हती. मधल्या फटी सारख्या नव्हत्या. बाहेरची फट मोठी, आतल्या जवळजवळ बंद. मिळालेला दीड मिलिमीटर एकाच ठिकाणी जमा झाला होता. काकांनी छोट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दुसऱ्या प्लेटचा कान हलकेच बाहेर ढकलला. टक् असा बारीक आवाज झाला, प्लेट सरकली, आणि हातातलं चाक एकदम हलकं झालं.

“हाउसिंग बघ,” काका म्हणाले.

स्प्रिंगांचे बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरचे असे सैल करून काढले. प्लेटा बाहेर काढून क्रमाने मांडल्या. स्टीलच्या प्लेटा जाड काचेवर ठेवून कडेने फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पाहिला. वाकडेपणा मॅन्युअलच्या मर्यादेच्या पुष्कळ आत होता. फ्रिक्शन प्लेटा नव्याच, बसवण्याआधी रात्रभर ऑइलमध्ये भिजवलेल्या. प्लेटांत काही खोट नव्हती. मग हाउसिंगच्या एका बोटावरून नख फिरवलं. वरून खाली येताना नख अडलं, सुटलं, पुन्हा अडलं. प्रत्येक जुनी प्लेट जिथे वर्षानुवर्षं आपटत होती तिथे तिने ॲल्युमिनियमला खाच पाडली होती. गाडी ओढताना ज्या बाजूला मार बसतो तिथे खोल, इंजिन ब्रेकिंगमध्ये, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनच गाडीला अडवतं तेव्हा, ज्या बाजूला बसतो तिथे पुसट.

जुन्या प्लेटांना या खाचांचा तेवढा त्रास नव्हता. त्यांच्या कानांच्या कडा घासून गोल झालेल्या, आणि खाचा त्यांनीच आपल्या अंतराने पाडलेल्या. नव्या प्लेटा जाड, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर वेगळं. कान अर्धा खाचेत, अर्धा तिच्या काठावर, आणि कडा कोऱ्या, धारदार. एक नवी प्लेट एकटीच हाउसिंगमध्ये घालून, जरा पीळ देऊन वरखाली सरकवली. दोन ठिकाणी ती स्पष्ट अडली. जुनी घातली, ती नुसतं घुटमळून पुढे गेली. पहिल्यांदा क्लच उघडला तेव्हा तक्रार घसरण्याची होती आणि घसरण्यात हाउसिंगच्या बोटांचा काही संबंध नसतो. नव्या प्लेटांनी जुना रोग उघडा पाडला, एवढंच.

आता प्रश्न कानस मारायची की हाउसिंगच बदलायचं. कानस मारून खाच घालवली की फट तेवढी रुंद होते, कान जास्त आपटतो आणि पुढची खाच लवकर पडते. खोल खाचांवर कानस मारणं म्हणजे दुखणं पुढे ढकलणं. पण या खाचा फिलर गेजने पाव मिलिमीटरच्या आसपास भरल्या. हाउसिंगच्या मागचे रिव्हेट घट्ट होते, गिअरमध्ये अवाजवी खुळखुळ नव्हती. मी कानस निवडली. काकांनी नाक मुरडलं, पण नको म्हणाले नाहीत.

काहीजण हाउसिंग जागेवरच ठेवून कानस मारतात. मला ते अजिबात पटत नाही. ॲल्युमिनियमचा कीस ऑइल पंपाच्या वाटेला गेला तर क्लच बरा आणि इंजिन आजारी. हाउसिंग बाहेर काढायला मधला नट काढावा लागतो. तो चांगलाच आवळलेला असतो आणि फिरू नये म्हणून त्याची कड ठोकून वळवलेली किंवा खाली लॉक वॉशर असतो. वळवलेली कड सरळ केली, गाडी वरच्या गिअरात घालून मागचा ब्रेक दाबून धरायला सांगितला, आणि लांब हँडलच्या पान्याने नट सुटला. हब काढला, मागच्या वॉशरांची दिशा आणि क्रम बघून ठेवला, हाउसिंग हातात आलं.

कानस चपटी, बारीक दातांची. काका एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते, “दाबू नकोस रे, तिच्या वजनानं चालू दे.” बोटाच्या लांबीला समांतर, प्रत्येक बोटावर सारखे हात. एका बोटावरून जास्त निघालं तर पुढे सगळा भार बाकीच्या बोटांवर येणार, म्हणून खाच पार नाहीशी होईपर्यंत घासायचा मोह आवरला. तिच्या कडा जाऊन नख अडायचं थांबलं की बस. मग बारीक पॉलिश पेपर, मग रॉकेलमध्ये ब्रशने धुऊन, हवा मारून कोरडं केलं. नवी प्लेट पुन्हा घालून पाहिली. स्वतःच्या वजनाने खाली गेली.

जोडणी उलट क्रमाने. बुशला ऑइल लावलं, नवा नट घातला, मॅन्युअलमधल्या आकड्याइतका आवळून त्याची कड ठोकली. पहिली फ्रिक्शन, मग स्टील, शेवटची पुन्हा फ्रिक्शन. स्प्रिंगांच्या बोल्टना मी टॉर्क रेंचच वापरतो. लहान इंजिनांत हा आकडा १० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे हाताला वाटतं त्याहून बराच कमी, आणि बोल्ट ज्यात जातात ते ॲल्युमिनियमचे खांब जास्तीचा एक पीळ सहन करत नाहीत. कव्हर लावण्याआधी लिव्हर परत बांधून चाक फिरवलं. सगळ्या फटी सारख्या नव्हत्या, तशा त्या कधीच नसतात, पण एकही प्लेट अडून बसली नव्हती. मग कव्हर नेमकं बसवणाऱ्या डॉवेल पिना जागेवर आहेत ना ते पाहिलं, नवं गॅस्केट घातलं, कव्हर लावलं, प्ले नव्याने मोजला.

इंजिन चालू करून, गरम करून, पहिला टाकला. थोडा आवाज आला, पण तो गिअर पडल्याचा. बोटाने, म्हणजे पायाच्या बोटाने, हलकं वर उचललं आणि न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला. खात्री पटेना म्हणून पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

त्यानंतर गाडी भरपूर चालली आहे. सुरुवातीला प्ले एकदा कमी झाला, नव्या प्लेटा बसताना होतो तसा, आणि तो परत लावला. एक गोष्ट राहिली आहे. न्यूट्रलमध्ये गाडी नुसती चालू ठेवली की क्लचच्या बाजूने बारीक खडखड ऐकू येते आणि लिव्हर दाबला की ती थांबते. कानस मारून रुंद झालेल्या फटींची ती किंमत, आणि त्याची कल्पना होतीच. हाउसिंगचा पार्ट नंबर मॅन्युअलच्या मागच्या पानावर लिहून ठेवला आहे. पुढच्या वेळी प्लेटा आणि हाउसिंग एकत्रच बदलणार.